पडद्याआडून मोजलेली बोटं

ये, अशी जवळ ये. कागदावर का होईना, बस माझ्याजवळ, आणि कपाळावरची ती आठी आधी काढ. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सासऱ्यांना मोटारीच्या परवान्यासाठी पुन्हा तपासणीला बोलावलं, तर घरात सुतक आल्यासारखे बसलात म्हणे सगळे. एवढी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा हा अपमान आहे, असं लिहितेस. शिकलीसवरलेली पोर तू, आणि असं लिहितेस? रागावले नाही गं. पण जे तुझ्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही, ते आता सांगावंच लागणार.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी दहा वर्षांची. आमचं घर शनवारा मोहल्ल्यात, आणि मुलींची शाळा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. मोहल्ल्यातल्या चार घरांनी मिळून टांगा लावला होता, चारी बाजूंनी जाड पडदे सोडलेला. आणि एक रीत होती तेव्हा. मुलींच्या टांग्यावर तरणा माणूस कुणी चालवून घ्यायचं नाही. टांगेवाला म्हाताराच पाहिजे. जितका म्हातारा तितका भरवशाचा. त्याचा हात कसा चालतो, त्याला दिसतं किती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. मिशा पांढऱ्या आहेत ना, मग झालं.

आमचा टांगेवाला तसा होता. त्याला आम्ही बाबा म्हणायचो. तो मला बेटा म्हणायचा, बाकीच्या तिघींनाही बेटाच म्हणायचा, पण मला वाटायचं मी जरा जास्त. माझी जागा त्याच्या पाठीला पाठ लावून होती. मधे फक्त पडदा.

त्याला दिसत नाही हे मला कसं कळलं, ते सांगते. एका दारापुढं कुणी सतरंजी गुंडाळून उभी ठेवली होती. बाबानं टांगा थांबवला आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, माई, जरा बाजूला व्हा. सतरंजी कशाची होते बाजूला. तिघी पोरी पदर तोंडात कोंबून हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यांवर उलटी बसले आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिले. बाबा रस्त्याकडं बघतच नव्हता. मान जरा तिरपी करून कान देत होता, आणि लगाम सैल सोडला होता. चालवत होती ती घोडी.

मी त्याला हळूच विचारलं. तो घाबरला नाही की चिडला नाही. म्हणाला, घोडीला दिसतं बेटा, आणि मला रस्ता पाठ आहे, दोघांचं मिळून चालतं. घरी सांगू नको.

मी नाही सांगितलं. उलट त्या दिवसापासून मीच त्याचे डोळे झाले. डावीकडं काही आलं की त्याच्या डाव्या खांद्याला बोट लावायचं, उजवीकडं आलं की उजव्या. थांबायचं असेल तर सदरा ओढायचा. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. शाळेत जे शिकवायचे त्याहून हे मला जास्त येत होतं.

मग जाँच आली. टांग्यांची जाँच, म्हणजे सरकारी तपासणी, दर वर्षी व्हायची, वेशीबाहेरच्या मैदानात. घोड्याचे नाल बघायचे, चाकं बघायची, दिवा बघायचा, आणि टांगेवाल्याला दंडावर बांधायचा पितळी बिल्ला पुन्हा द्यायचा. त्या वर्षी साहेब नवा आला होता. तो म्हणे टांगेवाल्यांची नजरही बघणार होता. दूर लिंबाखाली उभं राहून हाताची बोटं दाखवणार, आणि टांगेवाल्यानं टांग्यावर बसूनच किती ते सांगायचं. म्हाताऱ्या टांगेवाल्यांत कुरकुर सुरू झाली. तुझ्या घरात चाललीय ना, अगदी तशीच. आमचे वडीलसुद्धा जेवताना म्हणाले की जन्म गेला ज्याचा रस्त्यावर, त्याला आता बोटं मोजायला लावणार.

आदल्या दिवशी बाबा मला शाळेतून घरी सोडताना म्हणाला, बेटा, उद्यापासून मी येईन की नाही, माहीत नाही.

आता हे नीट ऐक. मला बाबाची दया आली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते शाळेचं. बाबा गेला तर टांगा गेला, कारण दुसरा तेवढा म्हातारा कुठून आणणार, आणि टांगा गेला की मी घरात. तिसरीचं पुस्तक नुकतं हातात आलं होतं. मी म्हणाले, उद्या जाँचेला आम्हाला टांग्यात बसवूनच न्या. मी मागं आहे.

तसंच केलं. शाळेची वेळ होईल म्हणून मुलींसकटच आलो, असं त्यानं साहेबाच्या कारकुनाला सांगितलं. मी फटीतून लिंबाकडं बघत होते. साहेबानं तीन बोटं वर केली, मी पडद्याआडून बाबाच्या पाठीवर तीनदा बोट टेकवलं. तीन, बाबा म्हणाला. मग एक. मग चार. मग दोन. एकदाही चुकलो नाही. कारकुनानं बिल्ला दिला आणि म्हणाला, म्हाताऱ्याची नजर घारीची आहे. बाबा हसला नाही, मला आठवतं. मी मात्र दिवसभर हवेत होते.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आमच्या वाटेत विणकरांची गल्ली लागायची. सकाळी ते लोक गल्लीतच ताणा लावायचे, म्हणजे साडीचं उभं सूत काठ्यांवर लांबच्या लांब पसरायचे, आणि बायका खाली बसून तुटलेले धागे सांधायच्या. ताणा नेहमी डाव्या अंगाला असायचा. बाबाला ते पाठ होतं. त्या दिवशी एका घरी लग्नाचा मांडव होता, म्हणून ताणा उजवीकडं घेतला होता.

आणि मी बघत नव्हते. शेजारच्या पोरीला कविता पाठ येत नव्हती, मी तिच्याकडून म्हणवून घेत होते. मोठी मास्तरीण झाले होते मी. घोडी थांबली. आपणहून थांबली. बाबानं मान जरा वळवून विचारलं, "बेटा, पुढं काय आहे?"

मी वळून न बघता म्हणाले, "काही नाही बाबा, चला."

त्यानं चाबूक उचलला. घोडी तरी पुढं जाईना, मग एका अंगाला सरकली आणि निघाली. चाक कशावरून तरी गेलं. मग किंकाळी आली.

रस्त्याकडं पाठ करून एक बाई धागे सांधत बसली होती, एक हात जमिनीवर टेकवून. त्या हातावरून गेलं चाक. मी फटीतून हात बघितला, आणि मग फट हातानं घट्ट धरून बंद केली.

गल्ली गोळा झाली. बाबाला खाली ओढलं. कुणीतरी म्हणालं, याला दिसत नाही. दुसरा म्हणाला, कसं दिसत नाही, जाँचेत सगळी बोटं बरोबर सांगितली यानं, मी होतो तिथं. मग सगळे त्याच्याकडं बघत राहिले. एका शब्दात सुटला असता गं तो. मागच्या पोरीनं सांगितलं चला, एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला, "दिसतं मला. डुलकी लागली होती."

मी पडद्याआड बसून ऐकलं. बाहेर आले नाही.

बिल्ला गेला. नजर गेली म्हणून जाता, तर लोकांनी हळहळ केली असती. पोरींचा टांगा चालवताना झोपला म्हणून गेला, त्यामुळं कुणी दारात उभं करेना. आमचे वडील म्हणाले, भरवशाचा वाटला होता. मी ताटातला भात चिवडत राहिले. काही दिवसांनी बाबा घोडी विकून लेकीकडं बहादरपूरला गेला, एवढं कानावर आलं. माझी शाळा तर सुटलीच. पुढं जे वाचायला शिकले ते पुड्यांच्या कागदांवरून आणि भावाच्या पुस्तकांतून, चोरून. लोक कौतुक करतात, बाई आपली आपण शिकली. करू दे.

माझ्या लग्नाच्या साड्या घ्यायला आई मला त्याच गल्लीत घेऊन गेली. चाकाखाली हात आलेल्या त्या बाईच्याच घरात. ती बाई साड्यांच्या घड्या उलगडून दाखवत होती. दोन बोटं वाकडी, वळत नव्हती. सांधायचं काम तिच्या हातून कधीच गेलं होतं. माझ्याकडं बराच वेळ बघून म्हणाली, "त्या टांग्यात होतीस ना तू?"

मी हो म्हणाले.

"खरंच झोपला होता का गं तो? मला ते कधी पटलं नाही. घोडी थांबली होती, माझ्या पाठीला तिचा श्वास लागला होता."

मी म्हणाले, "मी मागं होते, मला काही दिसलं नाही."

साडी घेतली. नेसलेही. आता ती बाई नाही, बाबा तर कधीच गेला असेल. कुणापुढं जाऊन बोलू? म्हणून तुला लिहिते. तपासणी करणारा तो साहेब आम्हाला वैरी वाटला होता. तो एकटाच बाबाला खरं विचारायला आला होता. आम्ही बाकीच्यांनी, म्हणजे पांढऱ्या मिशा बघून पोरी सोपवणाऱ्या घरांनी आणि मी, कुणी विचारलं नाही. सासऱ्यांना तपासणीला जाऊ दे. कुणी त्यांच्या पाठीशी उभं राहून उत्तरं सांगत नाही ना, तेवढं मात्र तू बघ.

आणि मलाही हल्ली सगळे म्हणतात, आजी, तुमची नजर अजून चांगली आहे. परवा मी आमटीत मिठाऐवजी सोडा घातला, तर सून म्हणाली, होतं असं. सगळ्यांनी जेवून घेतलं बिचाऱ्यांनी. अशी माया नको मला. चूल पेटवते मी अजून, नातवंडं पायांत असतात. तेव्हा तू ये. चार दिवस राहा, माझ्या बाजूला उभी राहून बघ, आणि मला काय जमत नाही ते तोंडावर सांग. रडले तरी सांग. दिवाळीची वाट बघू नकोस, याच आठवड्यात ये.