लेआउटमधला दगड

खून, दरोडे, गोदामफोडी, सगळ्याचे तपास केले. लोक भेटले की त्यांना तेच ऐकायचं असतं. पण निवृत्तीनंतर दुपारचा एकटा बसलो की माझ्या मनात पहिलं येतं ते एका दगडाचं प्रकरण. त्यात कोणी मेलं नाही, कोणाला अटक झाली नाही. स्टेशन डायरीत त्याची नोंद जेमतेम अर्ध्या पानाची असेल. तरी ते काही केल्या पुसलं जात नाही.

मी तेव्हा भिवंडीच्या कडेला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मुलांच्या शाळेपायी बायको-मुलं नाशिकला, आणि मी ठाण्यामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. संध्याकाळी घरी फोन लावायचा. जेवलात का, अभ्यास झाला का, बरं ठेवतो. दोन मिनिटांत संसार आटपायचा. मग जेवणाचा डबा उघडायचा आणि भिंतीकडे बघत जेवायचं. याची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

एका सकाळी एक बिल्डर तक्रारी अर्ज घेऊन आला. शेलार गावाजवळ त्याने शेतजमीन घेतली होती आणि तिचे रहिवासी प्लॉट पाडायचे होते. लेआउटचा नकाशा नगररचना कार्यालयात दाखल होता. छाननी झाली होती, फक्त जागेवरची पाहणी बाकी होती. पण पाहणीला अधिकारी मॅडम दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा परत गेल्या. कारण ईशान्य कोपऱ्यातल्या लाकडी खुंट्या कोणीतरी उपटलेल्या असत आणि हद्दीच्या दगडावर लाल रंगाने टाकलेला क्रमांक पुसलेला असे. मॅडम म्हणत, आधी कोपरा दाखवा, मग नकाशा बघते. बिल्डरचं म्हणणं, हा घातपात आहे, हद्दीची खूण नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि गिऱ्हाईकं त्याच्या डोक्यावर बसली आहेत. एकूण माणूस वैतागलेला होता, खोटा वाटला नाही.

मी हवालदाराला घेऊन जागेवर गेलो. हवालदार तिथलाच, आगरी, वयाने माझ्याएवढाच. कोपऱ्यात एका उंबराजवळ तो दगड होता, गुडघ्याएवढा. त्यावर पांढरा चुना, आणि चुन्याखालून लाल रंग जरासा डोकावत होता. उपटलेल्या खुंट्या बांधाच्या कडेला होत्या. सगळ्यांची टोकं एका बाजूला करून, चुलीसाठी लाकडं रचावीत तशा रचलेल्या. हवालदार दगडापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला की हा चुना ब्रशने लावलेला नाही, बोटांनी लावलाय, वळ दिसतायत. मी म्हटलं, असेल.

इथे माझी पहिली चूक झाली. चोर असता तर त्याने खुंट्या नेल्या असत्या, वैरी असता तर त्या ओढ्यात फेकल्या असत्या. रचून ठेवणारा माणूस निराळा असतो. एवढं साधं मला कळायला हवं होतं. पण पंचनामा उरकायची घाई, वर दुपारी दापोड्याला गोदामांच्या रस्त्यावर बंदोबस्त.

दोन दिवसांनी नाक्यावरच्या चहावाल्याने टीप दिली. जमीन विकणाऱ्या भावांतला सगळ्यात धाकटा रोज सकाळी सहाला त्या जागेपाशी टेम्पो उभा करतो. हा गोदामांचा माल वाहायचा. जमीन विकताना सही करायला त्याने खूप आढेवेढे घेतले होते, हे गावात सगळ्यांना माहीत. झालं. कारण मिळालं, वेळ मिळाली, माणूस मिळाला. मी त्याला ठाण्यात बोलावून घेतला.

सकाळी दहापासून त्याला बाकावर बसवून ठेवला. बसवून ठेवणं ही आमची जुनी रीत. माणूस आपल्याच विचारांनी अर्धा मऊ होतो. दुपारी आत घेतला. सकाळी तिथे काय करतोस? तर म्हणे, काकी एकटी राहते पलीकडे, तिला पाण्याचे हंडे आणि दूध देतो. खुंट्या कोणी उपटल्या? मला ठावं न्हाय. हाच प्रश्न मी दहा तऱ्हांनी विचारला. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. अहो, पोलिसाला राग येतो तो पुष्कळदा स्वतःच्या अडाणीपणाचा असतो, पण निघतो समोरच्यावर. शेवटी मी म्हटलं, हद्दीचा दगड म्हणजे सरकारी खूण, आत जाशील.

तेव्हा तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघायला लागला.

"साहेब, तो दगड हद्दीचा हाय असं कोन बोललं तुमाला? आमची हद्द पल्याडच्या बांधाला हाय, ओढ्याकडं. बापजाद्याची जमीन, आमालाच ठावं न्हाय व्हय?"

मग तो दगड कसला? तो बोटं मोडत बसला.

"ते काकीला विचारा. मी न्हाय सांगनार. मारलंत तरी न्हाय."

त्याच्याकडे बघून मला कळलं की हा खरं बोलतोय आणि मी चोर सोडून संन्याशाला धरलाय. हवालदाराने त्याला चहा पाजून घरी सोडला.

काकी म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढची विधवा, उंबरापासून पन्नास-साठ पावलांवर कौलारू घरात एकटीच. नवरा जाऊन वीसेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जमीन नवऱ्याच्या घराण्याची. पुतण्यांनी विकली तेव्हा तिच्या वाट्याला राहतं घर तेवढं ठेवलं. आम्ही गेलो तेव्हा ती ओटीवर पान लावत होती. डाव्या तळहातावर पान, उजव्या हाताच्या बोटावर चुना. मी त्या बोटाकडे बघितलं आणि हवालदाराने माझ्याकडे.

मी म्हटलं, "मावशी, त्या खुंट्यांचं विचारायला आलोय."

तिने पान खाली ठेवलं. तिचा चेहरा अजिबात घाबरलेला नव्हता.

"मीच उपटल्या. माजे लेकीच्या अंगावर खुंट्या ठोकत व्हते."

मग तिने सांगितलं, आणि आम्ही दोघे ओटीच्या पायरीवर बसून ऐकत राहिलो. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगी झाली होती. पाचवी पुजली, आणि बारशाच्या आदल्या दिवशी लेकरू गेलं. इतक्या लहान मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्याने शेताच्या कोपऱ्यात खड्डा काढला आणि कोल्ही-कुत्री उकरायला नकोत म्हणून ओढ्यातून दगड आणून वर ठेवला. पावसात गवत वाढलं की दगड दिसेनासा व्हायचा, म्हणून ती त्याला चुना फासायची. पन्नास वर्षं फासत आली होती. सकाळी उठली की तिथे जाऊन बसायचं, घरातलं चार शब्द सांगायचं. दुसरं कोण होतं तिला बोलायला? पुतण्यांना लहानपणापासून एवढंच माहीत, त्या दगडावर बसायचं नाही.

पुढचं मला आपोआप उलगडलं. बिल्डरच्या खासगी मोजणीवाल्याने पांढरा दगड बघितला. आमच्याकडे हद्दीच्या दगडांनाही चुनाच असतो. त्याने तो कोपरा धरून लाल क्रमांक टाकला आणि तिथून नकाशा आखत गेला. गावात कोणाला विचारलं असतं तरी भागलं असतं. पण हातात मशीन असलं की माणसाला विचारायची गरज वाटत नाही.

मी तिचा जबाब लिहायला घेतला. मुलीचं नाव विचारलं. ती म्हणाली, बारसंच नाही झालं, नाव कुठलं? मी जबाबात 'नाव नाही' असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. अंगठा देताना तिने एकच विचारलं, तिथं काय होणार आहे. नकाशा माझ्याकडे होता. त्या कोपऱ्यावरून लेआउटचा रस्ता जात होता. मला ते सांगवलं नाही. बघतो म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी फोन लावला तेव्हा मुलीला जरा जास्त वेळ बोलत ठेवावं असं फार वाटलं. ती म्हणाली, पप्पा, उद्या पेपर आहे. मी ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नगररचना कार्यालयात गेलो. मॅडम तिशीच्या, फटकळ. गणवेशातल्या माणसाला त्यांनी इतरांसारखंच अर्धा तास बाकावर बसवलं. माझी बसवून ठेवायची रीत माझ्यावरच उलटली. जबाब वाचून त्यांनी नकाशा पसरला, पट्टी लावली, आणि म्हणाल्या, कोपराच खोटा असेल तर यातला प्रत्येक प्लॉट सरकतो. सरकारी मोजणी झाल्याशिवाय ही फाइल पुढे जाणार नाही. मोजणी झाली. हद्द निघाली ओढ्याकडच्या बांधालाच, पुतण्या म्हणाला होता तिथे. नकाशा दुरुस्तीसाठी परत गेला.

आता दगड हद्दीचा नाही म्हटल्यावर हद्द बिघडवल्याचा गुन्हाच उरत नव्हता. राहिल्या खुंट्या, त्या तर रचून ठेवलेल्या. पण मला तेवढ्यावर थांबवेना. मी मॅडमना म्हटलं, नियमाप्रमाणे प्रत्येक लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, ती त्या कोपऱ्यात आली तर? त्या म्हणाल्या, "भावनेवर नकाशा हलत नाही साहेब. लेखी विनंती द्या." मी दिली. महिन्याभराने सुधारित नकाशा मंजूर झाला तो मोकळी जागा उंबराच्या कोपऱ्यात घेऊनच, आणि शेऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कोपऱ्यातील दगड जागेवर ठेवावा.' बिल्डरला आणखी खोळंबा नको होता. त्याने अर्ज मागे घेतला. मी पाठ थोपटून घेतली आणि पुढे माझी बदली झाली. नंतर कितीतरी जेवणावळींत मी ही हकीकत रंगवून सांगितली.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा एका जुन्या खटल्यात साक्षीसाठी भिवंडीच्या कोर्टातून समन्स आलं. मुलं आपापल्या गावी, बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मला तर कोर्टाचं समन्सही आमंत्रणासारखं वाटलं. गेलो, तर तारीख पडली. आता परतून घरी तरी कोण होतं? रिक्षा केली आणि शेलारला गेलो.

लेआउट ओळखू येईना. टुमदार बंगले, भोवती उंच कुंपण, फाटकावर वॉचमन. उंबर आत होता, त्याखाली बाग, बाक, घसरगुंडी. दगड जागेवर होता, पण काळा पडलेला. आणि कुंपणाबाहेर, लोखंडी गजांना टेकून, जमिनीवर म्हातारी बसली होती. अंगाने अर्धी झाली होती. मी ओळख दिली.

"जागा राखलीत सायेब," ती म्हणाली. "जायाची वाट न्हाय राखलीत."

घर कुंपणाबाहेर राहिलं होतं आणि बाग फक्त रहिवाशांची. कुंपण झाल्यापासून तीन वर्षं ती गजांतून बघत होती. मला उभ्या जागी लाज वाटली. नकाशा मी पाहिला होता, मॅडमनी पाहिला होता. दगड राहील एवढं आम्ही बघितलं, ती तिथे जाईल कशी हे कोणीच नाही बघितलं.

मी तिला घेऊन फाटकाशी गेलो. अंगावर गणवेश नाही, पोट सुटलेलं. मला कोण विचारतो? वॉचमन उत्तरेकडचा, साधा माणूस. त्याने वही पुढे केली. कोणालाही सोडायला त्याची ना नव्हती, पण वही भरायला हवी. नाव, वेळ, कोणाकडे जायचं; त्या शेवटच्या रकान्यावरच म्हातारी आजवर अडली होती. मी म्हटलं, लिही, बागेत. तो म्हणाला, "बाग नहीं चलेगा साहब, आदमी का नाम लिखना पड़ता है। कॉलम खाली रहा तो सेक्रेटरी मेरी ड्यूटी काटेगा।"

मी म्हातारीकडे वळलो. "मावशी, लेकीचं नाव सांगा."

नाव नाही, हे मला माहीत होतं. मीच तसं लिहिलं होतं. उभ्या नोकरीत मी प्रत्येक माणसाला पहिल्यांदा पूर्ण नाव विचारलं. भुरट्या चोरालाही सोडलं नाही. आणि या बाईने नाव नाही म्हटल्यावर मी मुकाट पुढच्या प्रश्नाला गेलो. काय ठेवणार होतात, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? या प्रकरणाने मला शिकवलं असेल तर हेच, की जबाब पुरा झाला म्हणजे माणसाचं विचारून झालं असं नसतं. शिकायला फार उशीर झाला, हेही खरं.

ती फाटकाला धरून उभी राहिली. ओठ हलत होते, जणू पाठ असलेलं पुन्हा एकदा तपासून बघत होती. मग तिने नाव सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट. ते मी इथे लिहीत नाही. वॉचमनने ते विचारून घेतलं, वहीत लिहिलं, आणि फाटक उघडलं. म्हणाला, "रोज आइए अम्मा, मैं लिख लूँगा।"

ती आत गेली. हळूहळू चालत उंबराखाली पोचली आणि दगडाशेजारी बसली. मी फाटकातून बघत होतो.

वॉचमनचं पेन अजून उघडंच होतं. त्याने मला विचारलं, "और साहब, आपको किसके यहाँ जाना है?"

मी म्हटलं, माझं इथे कोणी नाही.