वारा लागू दे डोक्याला

मामांच्या सलूनमध्ये खुर्ची एकच. ती वर-खाली होते, गोल फिरते आणि उजवीकडे वळताना म्हाताऱ्यासारखी कण्हते. लहान मूल आलं की मामा खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकतात, फळीवर टॉवेलची घडी ठेवतात आणि पोराला बखोटीला धरून वर बसवतात. गल्लीतली निम्मी पोरं या फळीवर रडून मोठी झाली. त्यातल्या काहींची पोरं आता तिथे बसून रडतात.

मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हेत. सख्खी बहीण नाही आणि स्वतःला मूलबाळही झालं नाही. पण अख्खी गल्ली मामा म्हणायला लागली, तेव्हा या भल्या माणसानं ते मनावर घेतलं. पोरांचे लाड करायचे, त्यांना चिडवायचं, त्यांची पतंगाची गुंतलेली दोरी गिऱ्हाईक खोळंबवून सोडवून द्यायची, हे सगळं मामांकडे लागलं. मामी म्हणायच्या, "कामाच्या वेळी काम करा की!" आणि स्वतः मात्र मागच्या खोलीत पोरांसाठी बर्फाच्या कांड्या लावत बसायच्या.

त्या कांड्यांची गंमत सांगायलाच हवी. पोर हललं की कात्री कानाला लागायची भीती. दटावलं तर पोर जास्तच भोकाड पसरणार. तेव्हा मामींनी तोड काढली. कलिंगडाचा रस, नाहीतर लिंबू-साखरेचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, दोन-चार द्राक्षं. हे सगळं छोट्या पेल्यांत ओतायचं, मध्ये चमचा उभा करायचा आणि फ्रिजमध्ये गोठवायचं. सुरुवातीला मामा केस कापतानाच कांडी हातात द्यायचे. पण एका पोरानं कलिंगडाबरोबर स्वतःचेच अर्धे केस खाल्ले, आणि त्याच्या आजीनं सलूनमध्ये येऊन जो काही तमाशा केला, तो नको आठवायला. तेव्हापासून कांडी आरशासमोर बशीत ठेवायची पद्धत पडली. तिकडे कांडी वितळतेय, इकडे कात्री चालतेय. हलशील तर उशीर होईल, उशीर झाला तर पाणी प्यावं लागेल. पोरं श्वास रोखून बसायची. एकदा तर मामा शिंकले, तेव्हा फळीवरचं चार वर्षांचं पोर म्हणालं, "मामा, टाइमपास नको!"

उन्हाळ्यात कामाची नुसती झुंबड. सगळ्यांना एकच हवं असायचं: बारीक, अगदी बारीक. मामा मशीन फिरवायचे, मानेवर पावडर थापायचे, चादर झटकायचे आणि खरखरीत झालेल्या डोक्यावरून तळवा फिरवून म्हणायचे, "जा, आता वारा लागू दे डोक्याला!" चाळीस वर्षं हेच वाक्य. पोरं खिदळायची, आयाही हसायच्या. कोणाचं काही बिघडलं नाही. निदान मामांना तसं वाटायचं.

आता खारूविषयी. खारू म्हणजे दोन घरं पलीकडच्या बस ड्रायव्हरची मुलगी, वय वर्षं सहा. खारीसारखी एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव मामांनीच ठेवलेलं. तिचा बाप याच फळीवर वाढलेला, म्हणून तिच्या आईला मामा सूनबाई म्हणायचे. सूनबाई घरीच खिडकीपाशी मशीन टाकून शिवणकाम करायची. खारूचे केस दाट, कुरळे. त्यात दोन कंगवे शहीद झालेले. रोज पाचला ती सलूनच्या दारात हजर. केस न कापता कांडी मिळवणारी गल्लीत ती एकटीच. मामांचा जीव होता पोरीवर, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटायची नाही.

मे महिन्यात तिच्या मानेवर घामोळं उठलं. बाप तिला घेऊन आला. "मामा, काढूनच टाका हे जंगल."

"सूनबाईला विचारलंस का?"

"ती म्हणतेय थोडे कमी करा. पण थोड्यानं काय होतंय?"

खारू फळीवर चढून बसलीच होती. "सगळे काढ! सगळे! दादूसारखं चकोट!" दादू म्हणजे तिचा आतेभाऊ. झालं, मामांनी मशीनला सगळ्यात बारीक दात लावला. कुरळे झुबके फरशीवर पडत गेले. खारूनं आरशात पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि आनंदानं किंचाळली. मामांनी तळवा फिरवून आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. बशीतली कांडी अजून अर्धीही वितळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खारू आली नाही. बापाला सुट्टी होती, कुठेतरी गेले असतील. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्याही नाही. पाच वाजले की मामा उगाच दाराकडे बघायचे आणि गिऱ्हाइकाचा कल्ला वर-खाली करून ठेवायचे. मामी म्हणाल्या, "जाऊन बघून या ना एकदा." पण जायच्या आतच सूनबाई आली. दारातच उभी राहिली.

"सूनबाई, अगं खारू कुठाय?"

"झोपलीय. कालच दवाखान्यातून आणली."

मामांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. सूनबाईनं सांगितलं ते असं: सुट्टीच्या दिवशी बाप पोरीला पोहायच्या तलावावर घेऊन गेला. दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत दोघं पाण्यात. संध्याकाळी पोरीचं डोकं लालबुंद झालं, मग फोड आले, ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात एक दिवस सलाईन लावून ठेवलं. आता बरी आहे, पण डोक्याला हात लावू देत नाही.

"अगं पण टोपी? टोपी नव्हती का?"

सूनबाईनं खाली पाहिलं. "होती ना मामा. ह्यांनी तीन वेळा घातली, तिनं तिन्ही वेळा काढून फेकली. म्हणाली, मामानं सांगितलंय, वारा लागू दे डोक्याला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मामांना सोसला असता. ती गेल्यावर खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी कशीबशी पुरी करून मामांनी बाकीच्यांना हात जोडले आणि शटर ओढलं. आयुष्यभर हा माणूस अभिमानानं सांगत आला होता, की माझ्या हाताखाली पोराच्या केसालाही धक्का लागत नाही. मामींपुढे बसून ते एवढंच म्हणाले, "पोरीनं माझं ऐकलं गं."

मामींनी पाण्याचा पेला पुढे केला.

सकाळी मामा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचे केस मामाच कापायचे, त्यामुळे रांग लागली नाही. डॉक्टर म्हणाले, "मामा, अहो केस हे पोरांच्या डोक्याचं छप्पर असतं. आपण उन्हाळ्यात नेमकं तेच उतरवून ठेवतो. बारीक करा, पण बोटभर तरी राहू द्या. आणि टोपी अशी हवी की कान आणि मान दोन्ही झाकली जातील. अकरा ते चार पोरं सावलीत. तहान लागायची वाट बघायची नाही, आधीच पाणी पाजायचं. पाण्यात खेळणार असतील तर क्रीम लावायचं आणि बाहेर आली की पुन्हा लावायचं."

मामांनी ते सगळं पाठ केलं आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांच्या मागे हात धुऊन लागले. बोटभरापेक्षा बारीक मशीन लावणार नाही म्हणजे नाही. टोपी नसेल तर पोराला उन्हात बाहेर सोडणार नाही. बाकावर बसा, कांडी खा, ऊन उतरलं की जा. दुपारी सलूनमध्ये पाच-सात पोरं गोट्या खेळत बसलेली असायची आणि मामा त्यांना दर अर्ध्या तासानं पाणी पाजायचे. लोक वैतागले. एक जण म्हणाला, "मामा, केस कापा, भाषण नको." दुसरी एक बाई रागारागानं पोराला घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये गेली. मामा म्हणाले, "जाऊ दे. पण टोपी घालून ने गं बाई!"

हे सगळं खरं, पण मामांच्या जिवाला चैन नव्हतं. त्यांना एकच हवं होतं: खारूनं पुन्हा सलूनची पायरी चढावी. आणि खारू काही येईना. बरी होऊन खेळायला लागली, पण सलूनवरून जायची वेळ आली की समोरच्या बाजूनं, मान खाली घालून, धूम पळायची. मामांनी हाक मारली तर आणखी जोरात. पोर आपल्याला भ्यायली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

म्हणून त्यांनी तिच्या घरी जायला सुरुवात केली. रोज दुपारी एक वाजता, गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, थर्मासमध्ये दोन कांड्या घेऊन जायचे. आधी टपरीवर थांबून तिच्यासाठी रंगीत स्टिकर घ्यायचे, मग तिच्या दाराशी उभं राहायचं. सूनबाई दार उघडायची. "खारू, मामा आलेत गं!" आतून पलंगाखाली काहीतरी सरपटल्याचा आवाज. सूनबाई ओशाळायची. मामा म्हणायचे, "असू दे, असू दे," आणि अर्धा तास दारातच वाट बघून कांड्या ठेवून परत. चार दिवस हाच कार्यक्रम.

आता या शहाण्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर काय होतं? काही नाही. मामांना पस्तिशीतच टक्कल पडलेलं, गुळगुळीत. जगाला टोप्या घालायला लावणारा हा गृहस्थ भर दुपारी उघडं टक्कल घेऊन उन्हात उभा राहायचा. मामी ओरडायच्या, "अहो, टोपी!" तर म्हणायचे, "दोन घरं तर जायचंय!" दोन घरं खरी, पण दारात ताटकळणं अर्ध्या-अर्ध्या तासाचं, आणि टपरीचा वळसा वेगळाच.

पाचव्या दिवशी सकाळी मामांना उशीला डोकं टेकवेना. टक्कल टोमॅटोसारखं लाल. मामी आधी घाबरल्या, मग चिडल्या, मग हसल्या आणि शेवटी गार पाण्याची पट्टी घेऊन बसल्या. सलून बंद राहिलं. दुपारपर्यंत गल्लीभर बातमी पसरली: मामाचं डोकं भाजलं! सकाळपासून तीन जण नुसतं बघायला येऊन गेले.

संध्याकाळी मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. भुवयांपर्यंत आलेली निळी टोपी आत डोकावली. सूनबाईनं शिवलेली, मानेमागे झालर असलेली.

"मामी, मामा झोपलाय का?"

मामा उठूनच बसले. खारूनं त्यांच्या टकलाकडे एकटक पाहिलं. मग फ्रॉकच्या खिशातून एक चेपलेली ट्यूब काढली. डॉक्टरांनी तिला दिलेलं मलम. "माझ्यातलं उरलंय. वळ तिकडे."

मामा मुकाट्यानं वळले. खारू स्टुलावर चढली आणि एका बोटानं, जीभ बाहेर काढून, मलम लावायला लागली. मामी चहा ठेवायला म्हणून सलूनमध्ये गेल्या. तिथे स्टोव्ह नव्हता, पण गेल्या.

"दुखतंय?"

"नाही गं."

"खोटं. मला माहितीये किती दुखतं." तिनं फुंकर घातली.

मामांना राहवलं नाही. "खारू, चुकलं गं माझं. मी तुला चुकीचं सांगितलं."

बोट थांबलं. मग मागून बारीक आवाज आला, "मामा, मी तुझं नाव सांगितलं."

"कुणाला?"

"बाबांना. आणि डॉक्टरांना पण. मी म्हटलं मामानं सांगितलं. मग बाबा म्हणाले, बघतोच त्या मामाकडे." ती ट्यूब आणखी चेपायला लागली. "मग तू रोज यायला लागलास. मला वाटलं, तू विचारणार, माझं नाव का सांगितलंस. म्हणून मी पलंगाखाली जायची."

मामा तसेच वळले, अर्धं डोकं मलमानं पांढरं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, पोर आपल्याला भ्यायली. आणि हिला वाटत होतं, आपण मामाची चुगली केली. भाजलेलं डोकं घेऊन ही पोर त्या पलंगाखाली मामासमोर यायची शरम वाटून पडून राहत होती.

"ऐक," ते म्हणाले. "माझं नाव सांगितलंस ते शंभर वेळा बरोबर केलंस. मोठ्या माणसानं सांगितलेलं केलं आणि दुखलं, तर त्याचं नाव सांगायचंच. माझं असू दे, बाबांचं असू दे. समजलं?"

"तू रागावला नाहीस?"

"मुळीच नाही."

"मग रडतोस का?"

"कुठे रडतोय? मलम गेलं डोळ्यात."

"मी डोळ्यापर्यंत लावलंच नाहीये." खारूनं कमरेवर हात ठेवले. इतक्या दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तो जुना खट्याळपणा आला. "मामींना नाव सांगू?"

"सांग," मामा म्हणाले. "जा, सांग."

खारूनं स्टुलावरून उडी मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, "मामी! मामा रडतोय!"