पुठ्ठ्यावरचा खिसा

९ ऑगस्ट. शाळेच्या शर्टांचे शिवलेले खिसे तपासत मी कारखान्यात फिरत होते. मला पाहताच सुनंदाने पुठ्ठ्याचा तुकडा मांडीखाली सारला.

“काय लपवलंस गं?”

“मापाचा पुठ्ठा, मॅडम. यावर घडी घातली की खिसा सरळ बसतो. आगाऊपणा झाला, पण कामावरून काढू नका.”

सांगितल्यापेक्षा वेगळं केलं म्हणून मागे एकीला मीच काढलं होतं. आता भीती मला वाटली. माझ्या धाकाने या बायका अजून काय काय लपवत असतील? एखादी नवी युक्ती, बिघडलेलं मशीन, बोटात घुसलेली सुई?

१० ऑगस्ट. सकाळी सगळ्यांसमोर मी सुनंदाकडून शिकायला बसले. माझा पहिलाच खिसा वाकडा झाला. चाळीस बायका बघत होत्या, पण एकही हसली नाही. माझा धाक अजून तसाच होता.