झोपेत गेले, असं मीच सांगितलं होतं

"कागद तिथंच ठेव, चपलांच्या रॅकवर. आत नको येऊस. तू तिकडून आलायस ना."

साहेब दारात उभे होते. इथं आखातात, अल नहदातला त्यांचा फ्लॅट, अकरावा मजला. मी बाहेर पॅसेजमध्ये. हातात त्यांच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला, सगळे शिक्के मारलेला. वडील व्हिजिटवर लेकाकडं आले होते आणि इथंच गेले. दोन दिवस मी पायाला भिंगरी लावून फिरलो होतो. हॉस्पिटलची चिठ्ठी, पोलिसांचं पत्र, आरोग्य खात्याचा दाखला, त्याचं भाषांतर, कॉन्सुलेटचा शिक्का, दहनाची परवानगी. त्या दुपारी दहन झालं. स्मशानातून आम्ही सगळेच आलो होतो. माझ्याबरोबर शवागारात खांद्याला खांदा लावून उभा असलेला आमचा अकाउंटंट आत सोफ्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर पिठलं-भाताची प्लेट होती, शेजारच्या मराठी बाईंनी आणलेली.

तोही तिकडूनच आला होता की.

साहेब मागं वळून पाहुण्यांना म्हणाले, "याच्यामुळं झालं बघा एवढ्या लवकर. आमच्या गावाला मयताचा सांगावा यांचेच लोक न्यायचे. वाडवडिलांपासूनचं काम आहे, रक्तातच असतं."

कौतुक करत होते. हेच जास्त लागतं. शिवी दिली असती तर परत तरी देता आली असती.

त्यांची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, इथंच वाढलेली. तिनं विचारलं, "बाबा, व्हाय इज अंकल स्टँडिंग आउटसाइड?"

"ही इज इन अ हरी, बेटा."

मला कसलीही घाई नव्हती.

वहिनींनी, साहेबांच्या बायकोनं, प्लास्टिकच्या डब्यात पिठलं-भात भरून दिला. हातात नाही दिला, रॅकवर ठेवला, दाखला ठेवलेला त्याच्या शेजारी. मी उचलला. थँक्यू वहिनी म्हणालो. इंटरनॅशनल सिटीत माझी खोली, सहा जण राहतो. तिकडं जाणाऱ्या कार-लिफ्टमध्ये, म्हणजे शेअर गाडीत, मागच्या सीटवर बसून सगळा खाल्ला. भूक लागली होती. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण खाल्ला.

हमरिया फ्री झोनमध्ये आमची कंपनी. लोखंडाचं फॅब्रिकेशन. मी लागलो तो टायपिस्ट म्हणून. साहेब आमच्याच तालुक्यातले. इंटरव्ह्यूला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग हसले. आमच्याकडं आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. वर्षभरात एक माणूस साइटवर वारला, त्याचे कागद मला करायला लावले. मी केले. दुसरा गेला, तेव्हाही मीच. मग ठरूनच गेलं. कुणी मेलं की साहेब काचेच्या केबिनमधून बोटानं खूण करायचे, यल्ला, जा. आणि कागद झाले की घरी फोन करायचा, तोही मीच. "तुला जमतं," म्हणायचे. काय जमतं? मेलेल्याच्या बायकोला फोनवर रडताना ऐकायला कुणाला जमतं?

माझा आजा सांगावा न्यायचा. गावात कुणी वरच्या आळीतलं मेलं की आजाला हाक यायची. मग ऊन असो, नाला भरलेला असो, पायी निघायचं. आठ-दहा कोसांवर सोयऱ्यांचं गाव. दारासमोर लांब उभं राहून ओरडायचं, अमुक गेलं हो. बसायचं नाही. पाणी वरून ओंजळीत. शिळा तुकडा पदरात पडला की परत फिरायचं.

शेवटच्या आजारात आजानं मला एक गोष्ट सांगितली. एका घरची सून विहिरीत सापडली. तरणी पोर. सासऱ्यानं आजाला बजावलं, तिच्या माहेरी सांग, पटकीनं गेली, माती झाली, येऊ नका. आजा गेला. तिच्या बापासमोर उभा राहिला आणि म्हणाला, पटकीनं गेली. बाप रडला. रडता रडता आत जाऊन गरम भाकरी घेऊन आला. शिळी नाही, गरम. "लेकरा," आजा म्हणाला, "ती भाकर मी खाल्ली. अजून हितं आडकलीया." गळ्यावर हात ठेवून म्हणाला.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मनात म्हटलं, नाही म्हणायचं होतं ना आज्या. शहाणपण दुसऱ्याला शिकवायला काय जातं!

दोन वर्षांपूर्वी आमच्या यार्डातले सलीमभाई गेले. रायगडकडचे, खाडीकाठच्या गावातले. वेल्डर. जुलै महिना होता, दुपारी यार्डात काम करता करता कोसळले. हॉस्पिटलात नेईपर्यंत खलास. साहेब म्हणाले, "घरी सांग, पहाटे खोलीत झोपेत गेले. कामावर गेला म्हटलं की हजार प्रश्न सुरू होतात. आणि बायकोलाही बरं वाटेल, त्रास झाला नाही म्हणून." मी फोन लावला. जुबेदाभाभींनी उचलला. मी म्हणालो, भाभी, सलीमभाई झोपेत गेले. काही त्रास झाला नाही.

हे मी म्हणालो. आजाला कुणी व्हिसा दिला नव्हता, त्याला पळून जायला दुसरं गाव नव्हतं. मला सगळं होतं, तरी म्हणालो. घरच्यांच्या संमतीनं इथंच दफन झालं. भाभींना कंपनीनं सामान पाठवलं आणि पासपोर्ट पाठवला. दाखला मात्र साहेबांच्या कपाटात राहिला.

साहेबांच्या वडिलांच्या त्या संध्याकाळनंतर तीन-चार आठवड्यांनी भाभींचा व्हॉट्सॲपवर फोन आला. आवाज दमलेला.

"भाऊ, पोराच्या कागदांसाठी ग्रामपंचायतीत गेले होते. म्हणतात, हा मयताचा दाखला नाही."

"कुठला कागद दाखवला भाभी?"

"तोच की, तुम्ही पाठवलेला. कोपरा कापलेला पासपोर्ट."

दोन वर्षं त्या बाईनं नवऱ्याचा रद्द झालेला पासपोर्ट मयताचा दाखला समजून कुराणाशेजारी कपड्यात बांधून ठेवला होता. कोपरा कापला म्हणजे माणूस गेला, असं तिला वाटलं. कुणी सांगितलंच नव्हतं की दाखला वेगळा असतो. कोण सांगणार होतं? सांगणारा मीच होतो ना.

मी केबिनमध्ये गेलो. म्हणालो, सलीमभाईंचा दाखला द्या, स्कॅन करून पाठवतो.

साहेबांनी मान वर केली नाही. "रेकॉर्ड मिळत नाही म्हणून सांग. सिस्टीममध्ये नाही म्हणावं, जुनं झालं."

"तुमच्या कपाटात आहे, सर."

"त्यावर मृत्यूचं ठिकाण लिहिलंय. तुला कळत नाही का? तू सांग तिला नीट. सांगावा कसा सांगायचा हे तुमच्या लोकांना बरोबर कळतं."

मला एकदम पिठल्याचा वास आला. खरंच आला. गळ्यावर ठेवलेला आजाचा हात आठवला.

"नाही सांगणार," मी म्हणालो.

"काय?"

"भाभींना खोटं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा नाही सांगणार."

"व्हिसा कुणी दिलाय तुला?"

"कंपनीनं."

"मग?"

मग काही नाही. मी बाहेर आलो. शूरवीर काही झालो नव्हतो. वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथूनच भाभींना फोन लावला.

म्हटलं, भाभी, कपाटातला कागद मिळणार नाही. पण तो एकच कागद नसतो. मूळ नोंद सरकारकडं असते, आणि बायकोला मागायचा हक्क असतो. लिहून घ्या. पोराला बोलवा, त्याला लिहू द्या. तो कोपरा कापलेला पासपोर्ट बाहेर काढा. नंबर शाबूत आहे ना? आहे. त्या नंबरानंच नोंद सापडते. तुमचा निकाहनामा. तुमचं आधार आणि पासपोर्ट असेल तर तोही. गेल्याची तारीख. आणि माझ्या नावानं मुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या दाखल्याची नक्कल या माणसाच्या हाती द्या, असं स्टॅम्पपेपरवर. नोटरी करायचं, मग त्यावर सरकारी शिक्के लागतात, त्याला वेळ लागेल. कंटाळू नका. कुणी म्हणालं होत नाही, तर मला फोन लावा.

"कंपनीला विचारायला नको?" तिनं विचारलं.

"नको. कंपनी सलीमभाईंची कोण लागते?"

अडीच महिने लागले. दरम्यान साहेबांनी मला ऑफिसमधून काढून यार्डात टाकलं, गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला. ऊन काय असतं ते तिथं कळलं. सलीमभाई याच उन्हात वेल्डिंग करत होते.

कागद कुरियरनं आले. एक सुट्टी टाकली. टायपिंग सेंटरमध्ये अरबीत अर्ज करून घेतला, मग काउंटरवर टोकन घेऊन बसलो. काउंटरवरच्या बाईनं मुखत्यारपत्र वाचलं, पासपोर्टचा नंबर टाकला, मशीनमधून कागद काढला. तीन-चार मिनिटं. साहेब ज्याला मिळत नाही म्हणत होते ते एवढ्यात मिळालं. तिनं विचारलं, "तुम्ही भाऊ का?" मी म्हणालो, नाही. कागद उचलला.

बाहेर बसस्टॉपवर बसून भाभींना फोन लावला. आधी वाचलं नाही. आधी म्हणालो, "भाभी, झोपेत गेले असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला माहीत होतं तेव्हाही."

मग मी वाचलं. मृत्यूचं ठिकाण, कामाची जागा. वेळ, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

एक बस आली नि गेली.

"दोन वर्षं मी लोकांना सांगतेय," ती म्हणाली, "माझा माणूस झोपेत गेला, अल्लानं सोपं मरण दिलं. तू सांगितलंस म्हणून."

आधी मला तुम्ही म्हणायची. आता तू म्हणाली. बरोबर होतं तिचं.

"त्यांना पाणी तरी मिळालं का?"

जिभेवर आलं होतं, हो, मिळालं. एक शब्द. तिला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं.

"माहीत नाही, भाभी. मी तिथं नव्हतो. विचारीन. जे कळेल ते सांगीन, जे नाही कळणार ते सांगणार नाही."

तिनं फोन ठेवला. माफ केलं, असं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. कागद रंगीत स्कॅन करून पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मूळ प्रत शिक्के मारून कुरियरनं पाठवली.

माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय. रिन्यू होणार नाही, साहेबांनी तसं कळवलंय. गावाकडं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, या, बघू. दमलोय. खोटं नाही बोलत, फार दमलोय. आठ वर्षं मेलेल्यांच्या रांगेत उभा होतो आणि त्यातली निम्मी वर्षं मला वाटत होतं, साहेब मला जवळचं मानतात.

पण अजून तीन घरं आहेत. एक बिहारमध्ये, एक नेपाळात, एक कोल्हापूरकडं. तिघांच्याही घरी मीच फोन केला होता. तिघांच्याही घरी म्हणालो होतो, झोपेत गेले. त्यांचे कागद मीच केले होते. तिघांचे पासपोर्ट नंबर माझ्या वहीत आहेत.

यार्डात दुपारची सुट्टी झाली की पहिला फोन कोल्हापूरला लावणार आहे. आधी सांगणार, मी खोटं बोललो होतो. मग म्हणणार, लिहून घ्या.