भावाने शिकवलेली एकच स्केल

माझा धाकटा भाऊ श्रीरामपुरात आमच्या चर्चमध्ये बेस गिटार वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. उजवा शाबूत राहिला, पण तारा दाबायच्या त्या डाव्यानेच.

सहा महिने व्यायाम करूनही बोटं हलेनात, तेव्हा एका रविवारी दुपारी तो मला म्हणाला, "ताई, तू शीक. मी सांगतो."

माझं वय अठ्ठेचाळीस. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करण्यात जन्म गेलेला. पण आजारपणात त्याने पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितलं होतं. मी गिटार मांडीवर घेतली.

त्याने थेट मायनर स्केल, म्हणजे उदास वळणाची सुरावट, घ्यायला लावली, एकापाठोपाठ आठ सूर. "आधी मेजर का नको? सगळे तिथूनच सुरू करतात ना?" मी विचारलं.

"आपल्या निम्म्या गाण्यांना हीच लागती."

जाड तारेवर पाचवा फ्रेट, म्हणजे दांड्यावरची पाचवी पट्टी, मग सातवा, मग आठवा. शेजारच्या तारेवर पुन्हा तेच, तिसरीवर पहिले दोनच. ऐकायला सोपं. पण माझी करंगळी आठव्यापर्यंत पोचायचीच नाही, पोचली तर तार नुसती खरखरायची. तो खाटेवर डोळे मिटून ऐकायचा. "करंगळी, ताई." रोज हेच. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले.

चार महिन्यांनी एकदा स्केल वर गेली आणि न अडखळता खाली आली. मी त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "इकडं आण."

मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. डाव्या हाताची बोटं एकेक उचलून तारेवर मांडली. त्याने उजव्या हाताने तार छेडली. नुसता थप्प असा आवाज. मग मी त्याच्या बोटांवर माझी बोटं दाबली. सूर निघाला. दुसराही. मला वाटलं, जमतंय की. वर बघितलं तर तो रडत होता.

"सोड," तो म्हणाला. "हे तू वाजवतीस. मी न्हाई."

त्यानंतर त्याने शिकवलं नाही. चर्चमध्ये आता कीबोर्डवालाच बेस भरून काढतो. मी वाजवायला येऊ का, असं एकदा विचारलं होतं. पाळक हसून "बघू" म्हणाले. संध्याकाळी मी तीच एक स्केल वाजवते, दुसरी येत नाही. भाऊ आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवतो.