पातळ दूध

नातीनं आज दुधाच्या पिशवीवरचा फॅटचा आकडा वाचला आणि मला खाप्याचं दूध संकलन केंद्र आठवलं. सत्तरच्या दशकात मी तिथं दूध तपासायचे. एका सकाळी अनसूयाबाईंच्या दुधात फॅट कमी भरलं.

"पाणी घातलंत," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

"नाही वं पोरी. गाय व्याल्याले दीड महिना झाला. दूध वाढलं, म्हणून पातळ येऊन राहिलं."

"सगळे असंच सांगतात."

त्यांनी कोमट दुधाची अख्खी कॅन दारातच ओतली आणि निघून गेल्या.

पुढं प्रशिक्षणात सरांनी तेच शिकवलं: भर दुधाच्या दिवसांत फॅट उतरतं. मी अनसूयाबाईंच्या घरी गेले. गाय विकली होती. मी माफी मागितली.

"हे गावाले सांग," त्या म्हणाल्या.

मी कुणालाच सांगितलं नाही.