झिऱ्यावर न आलेली घागर

नत्थुजीला कुणाकडून काही घेणं कधी जमलंच नाही. द्यायचं म्हटलं तर मात्र पोतं उलटं करील असा माणूस.

अकोल्याच्या पुढे पूर्णेकाठी आमचं गाव. पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला, तसं गावानं आमचं पाणी तोडलं. मग आम्ही नदीच्या वाळूत झिरा खोदला. उन्हाळ्यात तिथं करवंटीनं थेंब थेंब पाणी उपसावं लागे. आम्ही नाना जातींतून आलेलो, म्हणून उपदेशक मोरोपंतांनी एक नेम घालून दिला. आपली घागर आपण भरायची नाही, दुसऱ्यानं भरायची. मोरोपंत स्वतः ब्राह्मणाच्या घरातले. पहिल्या दिवशी त्यांची घागर भरली ती मी, जिच्या सावलीचाही त्या घराला विटाळ व्हायचा.

नत्थुजी कुणबी, पंधरा एकर काळ्या जमिनीचा धनी. घागर पुढे करून बसणं त्याला जड जाई, तरी बसायचा. ती भरेपर्यंत प्रार्थना व्हायची, सुखदुःख निघायचं, थोडी चेष्टाही चालायची. त्याच्या आयुष्यातले तेच बरे दिवस होते, असं मला वाटतं.

मग तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे आमच्या कापसाचे भाव कडाडले. दोन वर्षांत नत्थुजीनं अंगणातच चिरेबंदी विहीर बांधली. प्रार्थनाघरावर गवताऐवजी कवेलू चढले तेही त्याच्याच पैशानं, पण त्या कवेलूखाली येऊन बसायला त्याला सवड मिळेना. त्याची बायको माणिकबाई मात्र घागर घेऊन झिऱ्यावर यायची.

"घरी विहीर असून काहून जातेस? लोक हसतीन," तो म्हणायचा.

"पान्यासाठी नाई जात मी," ती म्हणायची.

अठराशे पासष्ट साली पटकीच्या साथीत माणिकबाई गेली. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी तो विहिरीच्या कठड्यावर एकटाच बसलेला दिसे. जाऊन दोन शब्द बोलावे असं मनात येई, पण त्या मोठ्या दारात जायला मलाही संकोच वाटे.

पुढच्या वैशाखात एका रविवारी तो झिऱ्यावर आला. गाडीत विहिरीच्या पाण्यानं भरलेले दोन रांजण.

"उन्हात कायले उपसता? घ्या."

सगळ्यांच्या घागरी बघता बघता भरल्या. मोरोपंतांनी आभार मानले. मी हातात करवंटी धरून विचारलं, "नत्थुजीभाऊ, तुमची घागर?"

"मले काय कमी हाय, दुर्गाबाई?"

तो गाडीशी घुटमळला. पण घागरी भरल्यावर बसायचं कारणच उरलं नव्हतं. लोक घरोघरी गेले, तोही रिकामी गाडी हाकत गेला. पुन्हा आला नाही.

तीन उन्हाळ्यांनी तो अंथरुणाला खिळला, तेव्हा संकोच गिळून मी पेज घेऊन गेले. दाराशी माणिकबाईची घागर होती, धुळीनं भरलेली.

"त्या रविवारी दारापर्यंत आनली होती," तो म्हणाला. "गाडीत ठेवाची लाज वाटली. मालदार मानसानं रिकामी घागर घेऊन कसं जावं?"

मला रडू आलं. घागर उचलून म्हटलं, "झिऱ्यावरून भरून आनतो मी."

त्यानं घागरीकडे हात पुढे केला, मग आखडून घेतला.

"राहू द्या, दुर्गाबाई. अंगनात विहीर हाय."

मी घागर खाली ठेवली. त्या दिवशी मी त्याचं ऐकायला नको होतं.